सहीपुरता दलित

मी सही केली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी शिव्या घातल्या की कुणीतरी म्हणेल, बाहेर उभं राहून दगड मारायला काय जातंय ह्याचं! मी बाहेर नव्हतो. तीन वर्षं आत होतो. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीचा मी सदस्य होतो. रजिस्टरात माझ्या नावापुढं कंसात लिहिलेलं असायचं : मागासवर्गीय प्रतिनिधी.

निवड कशी झाली? वस्तीत सभा झाली नाही. कुणी हात वर केला नाही. एका दुपारी आमदाराच्या माणसाचा फोन आला. ‘तुझं नाव देतोय. शिकलेला आहेस, तुमच्यातला आहेस, आणि उगाच तोंड वाजवत नाहीस.’ शेवटचं वाक्य मला तेव्हा कौतुक वाटलं. साला, तीच तर अट होती! पहिल्या बैठकीला शाल मिळाली, नारळ मिळाला. ज्या रुग्णालयात माझ्या आईनं ठेकेदाराकडं अकरा वर्षं फरशी पुसली, तिथल्या अधीक्षकाच्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळाली. शिपाई ‘या साहेब’ म्हणाला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आईनं शाल नीट घडी करून पेटीत ठेवली.

त्यानंतर तीन वर्षांत बैठक म्हणून जिला म्हणता येईल अशी बैठक दोनदा झाली. बाकीच्या बैठका माझ्या दारात झाल्या. म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन यायचा. ‘साहेबांनी सही सांगितलीय.’ कधी चहाच्या टपरीवर, कधी मोटारसायकलच्या सीटवर रजिस्टर ठेवून मी सही केली. वाचलं नाही. वाचायचं असतं हे कुणी सांगितलंही नाही, आणि विचारायची मला लाज वाटली. कारण विचारलं असतं तर कळलं असतं की ह्याला काही कळत नाही.

माझ्यासोबत समितीत कोण होतं ते ऐका. आमदाराचा भाचा, तोच इमारत दुरुस्तीचा कंत्राटदार. रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या मेडिकलचा मालक. आतल्या औषधाचा तुटवडा हाच ज्याचा धंदा, तो आतल्या औषधाची काळजी घ्यायला बसलेला! एक निवृत्त हेडमास्तर, ते सगळ्या बैठकांत झाडं लावायचा विषय काढायचे. एक बाई महिला प्रतिनिधी म्हणून, त्यांच्या जागी त्यांचे यजमान यायचे. आणि मी. रुग्ण कुणीच नाही. परिचारिका कुणीच नाही. सफाई कामगार तर चहाचे कप उचलायलाच आत यायचा.

मग ती रात्र आली.

माझी चुलत वहिनी. दुसरं बाळंतपण. रात्री अकराला कळा सुरू झाल्या म्हणून रिक्षात घालून नेलं. बाळ झालं, मुलगी, रडली. पण वहिनीचं रक्त थांबेना. नर्सबाई एकट्या होत्या, त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. ड्युटीवरचा डॉक्टर पोरसवदा, आदल्या दिवसापासून जागा. म्हणाला, ‘रक्त लागेल, जिल्ह्याला न्या.’ मी म्हटलं, इथं रक्तसाठ्याचा फ्रिज आहे की. बाहेर पाटी आहे, उद्घाटनाचा संगमरवर आहे, त्यावर नावं आहेत. तो म्हणाला, ‘फ्रिज पाच महिने बंद आहे.’ जिल्हा साठ किलोमीटर. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास. वहिनी जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या फाटकात गेली. आत नाही, फाटकात.

दहाव्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. केबिनमध्ये आरडाओरडा केला. अधीक्षक शांत माणूस. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, पान उलगडलं, माझ्यासमोर सरकवलं. विषय क्रमांक तीन : अधीक्षक कक्षासाठी पडदे व सोफासेट — सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक पाच : रक्तसाठवण केंद्रातील शीतकपाटाची दुरुस्ती — पुढील सभेत विचार व्हावा. खाली सह्या. चौथी सही माझी. चांगली ठसठशीत, मराठीत, बापाचं नाव आडनावासकट.

‘तुमच्याही संमतीनंच झालंय,’ तो म्हणाला. आणि मी त्या नव्या सोफ्यावर बसलो होतो.

फ्रिज चालू असता तर वहिनी जगली असती का? मला माहीत नाही. डॉक्टर सांगतात, नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण मला हे माहीत आहे की पडदे मंजूर झाले आणि फ्रिज पुढच्या सभेत गेला, आणि ती पुढची सभा माझ्या मोटारसायकलच्या सीटवर होणार होती. म्हणून हा लेख. हा माझा कबुलीजबाब आहे, आणि आरोपपत्रही.

* * *

ही समिती नावाची चीज आली कुठून, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उठली. देश हादरला. तिकडं इंदूरला महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. तिथं उंदरांचा सुळसुळाट होता. जिल्हाधिकाऱ्यानं रुग्णालय रिकामं करून घेतलं, हजारो उंदीर मारले, घाण उपसली, लोकांनी देणग्या दिल्या. सफाई झाली. मग प्रश्न पडला की हे असंच ठेवायचं तर पैसा कुठून आणायचा? उत्तर निघालं : सोसायटी नोंदवा, नाव ठेवा रोगी कल्याण समिती, आणि रोग्याकडून फी घ्या. १९९५ पासून मध्य प्रदेशात हे सुरू झालं. दिल्लीला कल्पना आवडली. का नाही आवडणार? १९८७ सालीच जागतिक बँक गरीब देशांना सांगून बसली होती की सरकारी दवाखान्यात फी लावा. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि समिती देशभर गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला वर्षाला एक लाख, जिल्हा रुग्णालयाच्या समितीला पाच लाख, असा सुरुवातीचा हिशेब होता. महाराष्ट्रात तिचं बारसं झालं : रुग्ण कल्याण समिती.

नाव बघा किती गोड. पण जन्म बघा. सरकारनं रुग्णालयातून अंग काढून घेतलं आणि त्या अंग काढण्याला नाव दिलं लोकसहभाग. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्याकडून केसपेपरचे पैसे घ्यायचे, त्या पैशातून फिनेल आणायचं, आणि वर त्याला म्हणायचं, बघ, तू आता मालक आहेस!

आणि ज्या इंदूरपासून ही गंगा निघाली, तिथंच २०२५ च्या ऑगस्टअखेर काय झालं? त्याच रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, दोन तान्ह्या जिवांना उंदरांनी कुरतडलं. दोन्ही बाळं गेली. प्रशासन म्हणालं, उंदरांमुळं नाही गेली, आधीच आजारी होती. सफाईचं आणि उंदीर मारायचं कंत्राट खाजगी कंपनीकडं होतं. तीस वर्षं झाली, दोस्तांनो. समिती जिवंत आहे. उंदीरही जिवंत आहेत.

* * *

आता समितीच्या हातात काय असतं ते पाहू. रुग्णालयात डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. भरती कोण करतं? मंत्रालय. औषध नाही. खरेदी कोण करतं? २०१७ पासून हाफकिनकडं दिली होती, ती घोळात अडकली, मग २०२३ ला कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं. तेही मुंबईतच. बजेट कोण ठरवतं? विधानभवन. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२५ येऊन गेलं, अडीच टक्के आले नाहीत. मग समितीच्या हातात उरलं काय? पडदे, पंखे, फिनेल, नळाच्या तोट्या. म्हणजे घर दुसऱ्याचं, चाव्या दुसऱ्याकडं, आणि आपण पायपुसण्याचा रंग ठरवायचा.

आणि तरी माझ्या हातून तेवढंही झालं नाही. फ्रिजची दुरुस्ती समितीच्या हातातली होती. हे मी विसरत नाही. सत्ता थोडी होती म्हणून मी सुटत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत केले. चांगलं केलं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात धरली नाहीत, ते वाईट केलं. पण मोफत होऊन दीडच महिना झाला आणि नांदेड घडलं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसं मेली. त्यातली १२ नवजात बाळं. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळव्याला पालिकेच्या रुग्णालयात एका दिवसात १८ गेले होते. त्याआधी ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० अर्भकं गेली होती. मी एवढंच विचारतो : ह्यातल्या एकातरी ठिकाणी, एकातरी रजिस्टरात, आधीच्या वर्षात कुणी सदस्यानं लिहून ठेवलं होतं का की इथं माणसं मरतील? लिहिलं असेल तर ते पान लोकांसमोर आणा. नसेल तर ही रजिस्टरं जाळा.

नांदेडचा पुढचा भाग आपण विसरू नये. ३ ऑक्टोबरला सत्ताधारी बाजूचा खासदार रुग्णालयात आला. संडास घाण होता, हे खरं. त्यानं काय केलं? सफाईच्या जागा का रिकाम्या हे विचारलं नाही. औषधाचा हिशेब मागितला नाही. त्यानं रुग्णालयाच्या अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर संडास साफ करायला लावला. अधिष्ठाता कोण? आदिवासी समाजातला डॉक्टर. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. ह्याला म्हणतात लोकप्रतिनिधीची देखरेख! चोवीस मढ्यांवर ह्यांचा उपाय एकच : जातीनं ज्याच्या हातात झाडू द्यायची ह्यांना सवय आहे, त्याच्या हातात झाडू द्या. आणि हेच लोक आपल्या समित्यांचे, अभ्यागत मंडळांचे अध्यक्ष असतात.

रुग्णालयात जात नसते असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, सफाईच्या ठेक्यावर कोण आहे? नावं वाच. आडनावं वाच. माझी आई हातमोज्याशिवाय रक्ताचे बोळे उचलायची. सुई टोचली तर हळद लावायची. आणि वरच्या मजल्यावर? २२ मे २०१९ ला मुंबईच्या पालिका रुग्णालयात शिकणारी आमची डॉक्टर पायल तडवी, आदिवासी घरातली पोर, गळफास लावून गेली. तीन सीनिअर डॉक्टरांवर जातीवरून छळाचा खटला उभा राहिला. खाली झाडूवाली, वर डॉक्टरीण. दोघींना बोलायला त्या रुग्णालयात एकही जागा नव्हती. ‘कल्याण’ हा शब्द ह्या दोघींच्या तोंडावर उच्चारून दाखवा.

* * *

आता मी आपल्याच इतिहासाकडं येतो. आपण महाडचं पाणी सांगतो, पण त्याच्या आधीचा कागद विसरतो. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. शाळा, कोर्टं, कचेऱ्या खुल्या. आणि दोस्तांनो, दवाखाने खुले. दवाखाना हा शब्द त्या ठरावात आहे. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि कागद कपाटात ठेवला. तो कागद जिवंत करायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत जावं लागलं. माणसं परतली तेव्हा सवर्णांनी डोकी फोडली.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याला दवाखान्याचं दार मिळालं. ठराव कपाटात राहिला की दार बंदच राहतं, आणि माणसं चालून गेली की दार उघडतं, हे आपण तिथंच शिकलो. पण दाराच्या आत खुर्ची असते. त्या खुर्चीवर बसून ठरतं की फ्रिज आधी की सोफा. ती खुर्ची अजून आपली नाही. माझ्यासारख्याला तिच्यावर बसवतात ते शोभेला. काठावर.

ह्याचंही उत्तर बाबासाहेबांनी आधीच दिलेलं आहे. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपण पाठ केलाय, पण कळलाय का? जागा आमची, निवडणारा तू. मग माणूस माझा राहत नाही, तुझा होतो. ज्याला दुसऱ्यानं बसवलं तो दुसऱ्याचंच ऐकतो. कांशीरामांनी १९८२ मध्ये ह्याच दुखण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्या काळाला चमचा युग म्हटलं. मी ते पुस्तक भाषणात उचलून दाखवायचो. टाळ्या मिळायच्या. आणि संध्याकाळी टपरीवर सही करायचो. रुग्ण कल्याण समितीतला मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणजे तालुक्याच्या मापाचा पुणे करार. तो चमचा मी होतो. दुसऱ्या कुणाचं नाव घेण्याआधी माझंच घेतो.

* * *

आता आपल्याच चळवळीतल्या तिघांशी मला भांडायचंय.

पहिला म्हणतो, ‘समित्या गेल्या खड्ड्यात, बहिष्कार टाका. ही सगळी बूर्ज्वा नाटकं.’ ठीक. तू बहिष्कार टाक. पण तुझी आई आजारी पडली तर तू तिला कुठं नेणार? कॉर्पोरेटमध्ये? तिथं पायरी चढायचे पैसे तुझ्याकडं आहेत? आपल्या नव्वद टक्के पोरांचा जन्म सरकारी खाटेवर झालाय आणि मरणही तिथंच लिहिलंय, असं मला तरी माझ्या वस्तीत दिसतं. ते रुग्णालय आपलंय. घर आपलं असेल तर त्यातला चोर हाकलायचा, घर सोडून जायचं नसतं. तुझ्या बहिष्कारानं मेडिकलवाल्याला बरंच वाटेल. आणि मुंबईतल्या मित्रांनो, हे खेड्याचं रडगाणं समजू नका. २०२२ च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं तिथं प्रशासक बसला. नगरसेवक नाही, आरोग्य समिती नाही, विचारणारं कुणी नाही. त्याच काळात, २०२५ मध्ये, गोवंडी-मानखुर्दची पालिका रुग्णालयं खाजगी भागीदारीत द्यायचा घाट घातला गेला. देवनारच्या कचऱ्याचा धूर ज्यांच्या छातीत आहे त्यांचं रुग्णालय! लोक रस्त्यावर उतरले म्हणून निदान आवाज तरी झाला. ज्या रुग्णालयावर लोकांचा ताबा नसतो ते एक दिवस विकायला निघतं. हे समजून घ्या.

दुसरा म्हणतो, ‘डॉक्टरला धरून हाणा, सरळ होतील.’ वहिनी गेली त्या रात्री माझाही हात उठला होता. पण समोर कोण होता? दोन दिवस न झोपलेला एक पोरगा. त्याच्या हातात ना रक्त होतं, ना फ्रिज, ना भूलतज्ज्ञ. त्याला मारून मी कुणाला वाचवणार होतो? ज्यानं जागा भरली नाही तो मुंबईत एसीत होता. ज्यानं पडदे मंजूर केले तो तर मीच होतो. निवासी डॉक्टर, नर्स, मामा-मावश्या ही आपली बाजू आहे. त्यांना आपल्याशी झुंजवून ठेवणं हा वरच्यांचा डाव आहे.

तिसरा सभ्य आहे. तो म्हणतो, ‘रुग्णालय चालवणं तज्ज्ञांचं काम. लोकांना त्यातलं काय कळतं?’ ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो आपल्यात शिकून बोलतोय. तुझ्या आज्याला शाळेत घेत नव्हते तेव्हाही हेच म्हणत होते. ऑपरेशन कसं करायचं हे आम्ही सांगणार नाही. पण रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये लाइट नव्हती हे बाळंतिणीपेक्षा जास्त कोणत्या तज्ज्ञाला कळतं? बाहेरून इंजेक्शन आणायला कुणी चिठ्ठी दिली, किती पैसे गेले, हे कोणाला माहीत असतं? २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद ह्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. गावातल्या बायांनी आरोग्य केंद्राला लाल, पिवळे, हिरवे गुण दिले. जनसुनवाई भरली. अडाणी म्हणून हिणवलेल्या बाया उभ्या राहून अधिकाऱ्याला विचारायच्या, आमच्या गावात नर्स का येत नाही? अधिकाऱ्याला घाम फुटायचा. काय कळत नव्हतं त्यांना? त्यांना सगळं कळत होतं, हीच तर अडचण होती.

आणि दूरचं ऐकायचं असेल तर ऐका. आपण ज्या ब्लॅक पँथरांवरून नाव घेतलं, त्यांनी अमेरिकेत बंदुकीइतकाच दवाखाना महत्त्वाचा मानला. ठिकठिकाणी फुकट दवाखाने काढले. न्यूयॉर्कच्या साऊथ ब्राँक्स भागात लिंकन रुग्णालय होतं. काळ्यांचं आणि पोर्तोरिकन गरिबांचं. लोक त्याला कसाईखाना म्हणायचे. १४ जुलै १९७० च्या पहाटे यंग लॉर्ड्स ह्या पोर्तोरिकन पोरांच्या संघटनेनं रुग्णालयाची एक इमारत ताब्यात घेतली. दिवसभर धरून ठेवली. मागण्या काय? नवी इमारत. कपात नको. घरोघर तपासणी. कामगारांना नीट पगार. आणि रुग्णालयाचा कारभार वस्ती आणि कामगार ह्यांच्या हातात. त्यांनी डॉक्टर मारले नाहीत, डॉक्टरांतले चांगले लोक त्यांच्या बाजूला आले. १९७६ मध्ये लिंकनची नवी इमारत उभी राहिली. कारभार काही लोकांच्या हाती आला नाही, तेही सांगतो, गुलाबी चित्र काढत नाही. पण मागणी लिहिली गेली.

ब्राझीलमध्ये तर ती कायद्यात गेली. लष्करशाही हटल्यावर १९८८ च्या संविधानात आरोग्य हा सगळ्यांचा हक्क आणि सरकारचं कर्तव्य झालं. १९९० च्या कायद्यानं गावापासून देशापर्यंत आरोग्य परिषदा आल्या. निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या लोकांच्या संघटनांना. उरलेल्या निम्म्यात आरोग्य कामगार, सरकार आणि संस्था. तिथंही दलाल घुसतात, तिथंही भांडणं होतात. पण तिथला गरीब माणूस कायद्यानं अर्धा मालक आहे. इथं मी शालीचा मालक होतो.

* * *

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. हे मी संघटनेच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्यानं तयारीनं यावं.

एक. नेमणूक बंद. समितीच्या निम्म्या जागा वस्त्यांच्या उघड सभेतून निवडा, त्यात निम्म्या बाया. आपला माणूस आपण निवडू, आणि सही विकली तर आपणच परत बोलवू.

दोन. सफाई कामगार, नर्स, निवासी डॉक्टर ह्यांना मताचा अधिकार असलेली जागा. ठेक्यावरच्यालाही. ठेका रद्द होईपर्यंत तर नक्कीच.

तीन. मेडिकलवाला, कंत्राटदार, आणि त्यांचे भाचे-पुतणे बाहेर. ज्याचा नफा रुग्णालयाच्या तोट्यात आहे तो आत बसता कामा नये.

चार. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त आणि पै-पैचा हिशेब ओपीडीच्या भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरात. माझी सही भिंतीवर लागली असती तर माझ्या वस्तीतल्या कुणीतरी मला टपरीवर धरलं असतं, वहिनी गेल्यानंतर नाही, आधी.

पाच. दर सहा महिन्यांनी रुग्णालयाच्या आवारात जनसुनवाई. रिकामी जागा आणि संपलेलं औषध ह्याबद्दल समितीनं लेखी कळवलं की वरच्यानं मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. उत्तर नाही, तर वरच्याच्या पगारातून कापा.

आणि सहा, जे आपल्याच हातात आहे. आपल्या प्रत्येक शाखेनं जवळचं एक सरकारी रुग्णालय धरावं. आठवड्यातून एक रात्र दोन पोरांनी तिथं बसावं. हाणामारीला नाही. वही घेऊन. कोण आलं, कोणाला परत पाठवलं, कोणतं औषध बाहेरून आणायला सांगितलं, लिहून काढावं. समितीची रजिस्टरं माहिती अधिकारात मागवावीत. २००५ चा कायदा आहे, वापरा. सोफा कधी घेतला, फ्रिज कधी बिघडला, तारखा शेजारी-शेजारी मांडा. बाकी भाषण करायची गरज नाही, तारखाच बोलतील.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं क्रांती होते का? नाही होत. पण जयंतीच्या डीजेनंही होत नाही, आणि त्याला आपण रात्र-रात्र देतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि जगण्यात विषमता असा विरोध फार दिवस चालवला तर ज्यांना विषमता सोसावी लागते ते हा डोलारा उडवून देतील. ती विषमता मला कुठं दिसते सांगू? मतदानाच्या रांगेत वहिनी आणि आमदार सारखे होते. खाटेवर नव्हते.

मी राजीनामा दिला. अधीक्षकानं तो घेतला नाही, म्हणाला कोरमला नाव लागतं. कोरमपुरता का होईना, मला ठेवायचाच होता त्यांना. शेवटी मी रजिस्टर मागितलं आणि माझ्या चौथ्या सहीखाली लिहिलं : ‘न वाचता सही केली. शीतकपाट दुरुस्त झाले असते तर एका बाईला संधी मिळाली असती. ह्यास मीही जबाबदार.’ तारीख घातली. त्या रजिस्टरात मी वाचून केलेली ती पहिली सही.

वहिनीची मुलगी आता शाळेत जाते. माझ्या आईनं ती शाल पेटीतून काढली आणि तिच्या अंथरुणात घातली. थंडीत ऊब येते, म्हणाली, एवढाच तिचा उपयोग.

पोरगी मोठी होईल, तिलाही कधीतरी त्याच रुग्णालयाच्या दारात जावं लागेल. तोवर रजिस्टर कुणाच्या हातात असेल, हे आपण ठरवायचंय.

जय भीम.